मागच्या काचेवरची जुनी फिल्म: डिफॉगर सांभाळून गोंद कसा काढायचा?

मंडळी, मदत हवी आहे. गाडीच्या काचांवरची ऊन अडवणारी फिल्म जुनी, जांभळी पडलेली, फुगे आलेली. बाजूच्या काचा सोप्या गेल्या: हेअर ड्रायरनं कोपरा गरम करून फिल्म सावकाश ओढली, राहिलेल्या गोंदावर साबणपाणी मारून ब्लेड फिरवलं. मागच्या काचेला आतून डिफॉगरच्या (काच तापवून तिच्यावरचं धुकं घालवणाऱ्या) रेषा आहेत, तिथं ब्लेड नकोच. एका जागी खरवडलं तरी ती अख्खी रेष तापायची बंद होते. फिल्मचा वरचा थर निघालाय, गोंद तसाच चिकट आहे. गोंद सैल करायला अमोनिया मारून काळं प्लास्टिक लावायचं तर कडक ऊन हवं, आणि बेळगावात सध्या झड लागलीय. कपड्यांच्या स्टीमरनं गोंद सुटेल का? आयसोप्रोपिल अल्कोहोल रेषांवर चालतं का? शहापूर, खानापूर, निपाणीकडं वाफेवर काढून देणारं कुणी असेल तर तेही सांगा.