मदत हवी आहे: गादी पुन्हा पुन्हा मधे बसते, टिकाऊ गादी कशी निवडावी? (सोलापूर)

जुळे_सोलापूर

पलंग पाच बाय साडेसहा फुटी, म्हणजे ६० बाय ७८ इंच. खाली सामानाचा बॉक्स, वर १२ एमएम प्लायची दोन लांब झाकणं, प्रत्येकी ३० इंच रुंद. झोपणारे दोघं, एकाचं वजन ८८ किलो, दुसऱ्याचं ६२.

आतापर्यंत तीन गाद्या झाल्या: आधी ५ इंची कॉयर, मग ६ इंची फोम (दुकानदाराच्या म्हणण्यानुसार ३२ डेन्सिटी), आता ८ इंची बॉनेल स्प्रिंग. तिन्हींचं दुखणं एकच. ८८ किलोच्या बाजूला कमरेखाली खड्डा पडतो आणि सकाळी पाठ आखडते. स्प्रिंगच्या गादीला अजून दोन वर्षंही झालेली नाहीत. फोमची जुनी गादी माळ्यावर आहे.

बजेट २२ हजार. एप्रिल-मेमध्ये रात्रीसुद्धा खोली तापलेली असते, तेही लक्षात घ्यावं लागेल. गादी कशाची घ्यावी, आणि दुकानात खरं-खोटं कसं ओळखावं?

रंधा_पटाशी

गादीकडे नंतर बघू, आधी पाट तपासा. तीन वेगवेगळ्या जातीच्या गाद्या एकाच जागी बसतात, तेव्हा पहिला संशय पलंगावर घ्यायचा.

गादी काढा. कमर येते त्या जागी पलंगाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरी ताणून धरा आणि दोरी ते प्लाय हे अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. आधी रिकाम्या पाटावर, मग ८८ किलोची व्यक्ती त्या झाकणावर बसलेली असताना. रिकामं असताना ३-४ एमएमच्या वर फट दिसली तर प्लायने कायमचा बाक घेतला असं समजा. अशा पाटावर कितीही महाग गादी टाका, ती त्या बाकात जाऊन बसणारच.

फोमकटिंग

वरचं अगदी बरोबर. गादीपुरतं मी सांगतो, जरा लांबेल.

कॉयर म्हणजे नारळाचा काथ्या रबराच्या चिकाने जोडलेला. रोज एकाच जागी वाकून ते जोड तुटतात, काथ्याचा चुरा होतो, आणि एकदा बसलेला कॉयर परत उठत नाही. बॉनेलमध्ये सगळ्या स्प्रिंगा एकमेकींना तारेने बांधलेल्या असतात, त्यामुळे कमरेखालच्या थकल्या की शेजारच्यांनाही ओढतात. तारेचा गेज विचारताना एक गोष्ट उलटी लक्षात ठेवा: आकडा मोठा तेवढी तार बारीक. पण बऱ्याचदा स्प्रिंग शाबूत असते आणि तिच्यावरचा हलका फोम व नमदा (तंतू दाबून केलेला जाड थर) दबलेला असतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

आता फोम. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किलोत. ती कडकपणाची मोजणी नाही. २३ डेन्सिटीचा फोमसुद्धा कडक बनवता येतो, दुकानात हाताला छान लागतो आणि वर्षभरात बसतो. टिकाऊपणा मुख्यतः डेन्सिटीवर, कारण तेवढ्याच जागेत माल जास्त असतो. आणि ती घरच्या घरी तपासता येते:

लांबी × रुंदी × जाडी (सगळं इंचात) × डेन्सिटी ÷ ६१,०२४ = वजन किलोत.

तुमच्या मापाची ६ इंची गादी खरंच ३२ डेन्सिटीची असेल तर खोळीशिवाय १४.७ किलो भरली पाहिजे. माळ्यावरची गादी गुंडाळून हातात घ्या, वजनकाट्यावर उभे राहा, स्वतःचं वजन वजा करा. खोळीचे दीड-दोन किलो सोडून द्या. आकडा इथे कळवा, मग बोलू.

या हिशोबाला एकच पळवाट आहे. काही ठिकाणी फोम बनवतानाच त्यात खडूची भुकटी मिसळतात. वजन वाढतं, जीव वाढत नाही. कडेचा तुकडा बोटांत जोरात चोळून बघा, पांढरी पूड निघाली किंवा भाकरीसारखा चुरा पडला तर तो माल सोडा. चांगला फोम मुठीत दाबून सोडला की लगेच मूळ आकारात येतो आणि ओढला तर आधी ताणतो, मग फाटतो.

जुळे_सोलापूर

दोघांचेही आभार. मोजमापं अशी:

दोरीखाली फट डाव्या झाकणावर रिकामी ७ एमएम, बसल्यावर १९. उजव्या झाकणावर २ आणि ९.

फोमच्या गादीचं वजन खोळीसकट ११.४ किलो.

फोमकटिंग

खोळीचे दीड किलो गेले, राहिले ९.९. म्हणजे डेन्सिटी २१-२२ च्या आसपास. ३२ च्या नावाने तुम्हाला उशा नि सोफ्याच्या पाठीत घालतात तसला माल दिला गेला. ८८ किलोखाली तो बसणारच होता, यात तुमची निवड चुकली असं मनात आणू नका. लेबल पाहून कुणालाच हे कळत नाही, वजन केल्यावरच कळतं.

रंधा_पटाशी

डावं झाकण गेलंय. बदलताना १२ ऐवजी १९ एमएमचा प्लाय घ्या. प्लायचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे १९ चा प्लाय १२ पेक्षा जवळपास चौपट ताठ असतो. झाकणाखाली ३० इंचांच्या दिशेने सागाच्या दोन बाय एक इंची तीन पट्ट्या मारून घ्या: एक कमरेच्या रेषेत, एक खांद्याच्या, एक पायाकडे. पट्टी उभी बसवायची, म्हणजे दोन इंचांची बाजू वर-खाली. आडवी मारली तर लाकूड तेवढंच लागतं आणि आधार अर्धाही मिळत नाही. पट्टीची टोकं बॉक्सच्या चौकटीला अडकून झाकण वर राहणार नाही, एवढी जागा सुताराला आधी मोजायला सांगा.

प्रत्येक झाकणाला एक इंची आठ भोकं पाडा, पण पट्ट्यांपासून दूर. बंद बॉक्सवर गादीच्या पोटाला हवा लागत नाही, पावसाळ्यात खाली ओल धरते. उजवंही याच वेळी बदललंत तर दोन्ही एका पातळीत राहतील, नाहीतर मधल्या सांध्याला पायरी येईल.

जुळे_सोलापूर

दोन्ही बदलतो. आता गादी. दुकानांत मेमरी फोमचा आग्रह फार होतो. लॅटेक्स (रबराच्या चिकाचा फोम) आणि साधी कापसाची यांचं काय? टॉवेल-चादरीच्या कारखान्यांमुळे इथे कापूस स्वस्तात मिळतो असंही ऐकतो.

पिंजण

कापसाबद्दल लिहिते. कारखान्यातून जे स्वस्तात येतं ते बहुतेक सुताचं आणि कापडाचं वेस्ट असतं. त्याचा धागा आधीच पीळ खाल्लेला, पिंजूनही फुलत नाही, आणि काही महिन्यांत गोळे होतात. गादीला सरकी काढलेला, न वापरलेला कापूस पाहिजे. मूठभर घेऊन ओढा, लांब तंतू सुटले तर चांगला. तुटक धाग्यांची रंगीत टोकं दिसली तर वेस्ट. सावरीचा कापूस उशीत छान, गादीत तंतू मोडून भुगा होतो.

सिंगल ३ बाय ६ ला १० ते १२ किलो कापूस लागतो. टाके सहा-सात इंचांवर हवेत, दूर घातले की कापूस कडेला सरकतो आणि मधे नुसती खोळ उरते. कापसाची गादी बसणारच, तिचा धर्मच तो. पण पुन्हा पिंजून ती नवी करता येते, हे दुसऱ्या कुठल्याच गादीत नाही. वर्षा-दोन वर्षांनी पिंजायची तयारी असेल तरच घ्या. मोठ्या पलंगावर एक डबल न करता दोन सिंगल करा, उचलायला आणि उन्हात टाकायला त्याच बऱ्या.

फोमकटिंग

मेमरी फोम उष्णतेने मऊ होतो, तो त्याचा मूळ गुणच आहे. थंड प्रदेशात तो हळूहळू शरीराचा आकार घेतो. आपल्याकडे दिवसा पारा ४२-४३ वर आणि भिंती रात्रभर गरम, तेव्हा तो आधीच मऊ झालेला असतो. कंबर खोल जाते आणि अंगाभोवतीची हवाही कोंडते. तुमच्यासाठी नको. फारच हौस असेल तर वरचा एक इंच, त्याहून जास्त नाही.

लॅटेक्स उत्तम. टिकतो, उसळी चांगली, बसत नाही सहसा. पण शुद्ध लॅटेक्सची सहा इंची डबल तुमच्या बजेटमध्ये बसवणं अवघड, आणि स्वस्तात मिळाली तर त्यात कृत्रिम रबर किती हे विचारावं लागेल.

तुमच्या वजनाला आणि पैशाला मी हे सुचवेन: खाली ४ इंच १०० डेन्सिटी रीबॉन्डेड, वर २ इंच ४० डेन्सिटी एचआर (जास्त उसळीचा) फोम. रीबॉन्डेड म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला ठोकळा. तो जड आणि कडक असतो, पण कमरेखाली खड्डा पडू देत नाही. कडेने नीट बघा: तुकडे एकसारखे बारीक हवेत, रेक्झिन, कापड, सुतळीचे अवशेष दिसले तर माल कचऱ्याचा, कडा लवकर झडतील. नुसत्या रीबॉन्डेडवर कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा दुखतो, म्हणून वरचे दोन इंच गाळू नका.

दोन गोष्टी हट्टाने मागा. एक, तीन बाजूंनी चेन असलेली खोळ. चेन असली की आत काय आहे ते डिलिव्हरीच्या वेळी डोळ्यांनी दिसतं. दुसरं, वरचा थर पूर्ण चिकटवायचा नाही, फक्त चार कोपऱ्यांना डिंक. काही वर्षांनी मऊ पडेल तो वरचाच थर, तेव्हा दोन इंच बदलले की गादी पुन्हा उभी. सगळं एकजीव चिकटवलं तर अख्खी फेकावी लागते.

ही गादी उलटायची नाही, फक्त फिरवायची: डोक्याची बाजू पायाकडे, पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी. आणि कृपा करून गच्चीवर उन्हात टाकू नका. ऊन कापसाला औषध, पण फोम आणि लॅटेक्स उन्हाने पिवळे पडून ठिसूळ होतात. घामासाठी चादरीखाली एक जाड सोलापुरी सुती चादर अंथरा. प्लास्टिकच्या प्रोटेक्टरपेक्षा ती गार राहते आणि धुताही येते.

पक्की_पावती

स्प्रिंगच्या गादीवर पाणी सोडण्याआधी वॉरंटी कार्ड काढा. बऱ्याच कंपन्या वजन न ठेवता एक ते दीड इंचांच्या वर गेलेला खड्डाच धरतात. चादर काढा, गादी पाच-सहा तास मोकळी ठेवा, सपाट जमिनीवर टाका, दोरी ताणून सगळ्यात खोल जागी पट्टी उभी धरा आणि आकडा दिसेल असा फोटो घ्या. पलंगावर मोजू नका, ते बाक खाल्लेलं झाकण बघून ते लगेच पाटाकडे बोट दाखवतील. डाग असतील तर त्यावरूनही दावा नाकारतात.

तक्रार लेखी करा. उत्तर नाही आलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे, म्हणजे सोलापुरातच तक्रार देता येते. कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

नवीन गादीच्या पावतीवर फक्त "गादी १ नग" लिहू देऊ नका. प्रत्येक थराची जाडी आणि डेन्सिटी लिहून घ्या.

जुळे_सोलापूर

जमिनीवर मोजलं, खड्डा ३४ एमएम. कार्डावर अट २५ ची आहे. लेखी तक्रार पाठवतो.

दोन ठिकाणी विचारलं. दोघंही सांगितलेलेच थर द्यायला तयार, चेनसकट. पहिला म्हणतो एकूण वजन ३८-३९ किलो भरेल. दुसरा अडीच हजारांनी स्वस्त, त्याने तयार गादी काट्यावर ठेवून दाखवली, २७ किलो. हलकी असल्यामुळे झाकण उघडायला सोपी, असं त्याचं म्हणणं.

फोमकटिंग

२७ मधून खोळीचे २ गेले. वरच्या दोन इंची ४० डेन्सिटीचे ६.१ गेले. चार इंची रीबॉन्डेडला उरले १८.९ किलो, म्हणजे डेन्सिटी ६०-६२. शंभरची असती तर ३०.७ भरली असती. पहिल्याकडे जा, पण चेन उघडून कडेचा तुकडा चोळून बघायचं तिथेही सोडू नका.

रंधा_पटाशी

३९ किलोची गादी येणार असेल तर झाकणांचे बिजागरे सुताराला आत्ताच बघायला सांगा. स्क्रू दीड इंची हवेत आणि चौकटीच्या लाकडात गेलेले हवेत, प्लायच्या कडेत नाही. बॉक्स उघडताना आधी गादी अर्धी दुमडायची, मग झाकण. रीबॉन्डेड फार दुमडला की त्याला चीर जाते, म्हणून रोजचं सामान त्या बॉक्समधून काढून टाका.