बेंचवरचे महिने

‘काम न करता पगार मिळतो आहे, मग तक्रार कसली?’ हा नेहमी विचारला जाणारा प्रश्न मला पटत नाही, कारण आयटी कंपनीत बेंचवर, म्हणजे प्रोजेक्ट न मिळता नुसत्या पगारावर, बसलेल्या नवख्या अभियंत्याला पगाराची नव्हे, तर शिकलेले विसरत चालल्याची भीती सतावत असते. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली आणि मंदी आली, तेव्हा मी हिंजवडीतल्या एका कंपनीत नुकताच रुजू झालो होतो. जावा या प्रोग्रामिंग भाषेचे प्रशिक्षण संपले आणि पुढचे सात महिने रोज सकाळी कार्ड दाखवून आत जायचे, प्रशिक्षण कक्षातल्या त्याच संगणकासमोर प्रोजेक्ट वाटपाच्या मेलची वाट पाहायची आणि संध्याकाळी कंपनीच्या बसने कोथरूडला परतायचे, एवढेच उरले. ‘आज काय केलंस?’ असे आई विचारायची आणि मला उत्तर देता यायचे नाही.

फारसा बोलला न जाणारा मुद्दा असा की बऱ्याच आयटी सेवा कंपन्या ग्राहकाला माणसामागे, तासांच्या हिशेबाने बिल लावतात, त्यामुळे बेंचवरचा माणूस त्यांच्या लेखी निव्वळ खर्च असतो. टीसीएसने जून २०२५ मध्ये वर्षाला २२५ बिलेबल (ग्राहकाला बिल लावता येईल अशा) दिवसांची अट घालून बेंचचा कालावधी ३५ दिवसांवर आणला, त्यामागेही हाच हिशेब दिसतो. म्हणूनच नुसत्या मेलची वाट पाहू नये, असे मला कळकळीने वाटते. मी एका टीम लीडला स्वतः भेटून शॅडो म्हणून, म्हणजे ग्राहकाला माझे बिल न लावता, काम मागितले. पहिल्या आठवड्यात फक्त जुने लॉग, म्हणजे प्रणालीतल्या नोंदी, वाचले, पण तीन महिन्यांनी त्याच प्रोजेक्टमध्ये जागा रिकामी झाली तेव्हा त्यांनी माझेच नाव दिले.