अनुभव सांगा: ‘तुला झेपायचं नाही’ म्हणाले, तरी बेसबॉल खेळलात?

सातारा-सांगलीकडं पोरानं कुस्ती, कबड्डी म्हटलं की घरचे खूश. बेसबॉल म्हटलं की आधी ‘म्हणजे सॉफ्टबॉल का?’ आणि मग ‘हे अंग घेऊन?’ उंची, दम, हातपाय, शंका कशावरून घेतली आणि मैदानात काय झालं ते लिहा. उपदेश नको.

कराड, आता कॉलेजात
वर्गात सगळ्यात बुटका मीच. पण बॅटरचा स्ट्राइक झोन, म्हणजे पिचरनं (चेंडू फेकणाऱ्यानं) ज्या चौकटीत चेंडू टाकायचा ती, त्याच्याच अंगावर ठरतो, गुडघ्यापासून छातीपर्यंत. अंग आखूड तर झोन आखूड. पिचरनं 60 फूट 6 इंचांवरून तेवढ्यात चेंडू बसवायचा, आणि चार बॉल झोनबाहेर गेले की आपण फुकटात पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर! उंच पिचर तर जाम वैतागायचे. मग सर मुद्दाम मलाच पहिल्यांदा बॅटिंगला धाडायला लागले. अमेरिकेत खेळणारा होजे अल्तुवे 5 फूट 6 इंचांचा असून 2017 ला तिथल्या अमेरिकन लीगचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला, हे नंतर कळलं. वडिलांना त्याचं कौतुक नाही. ते म्हणतात, ‘आपले गोळेश्वरचे खाशाबा कुठं धिप्पाड होते? 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ आणलंच की.’

मिरज, आई
लेकीचा डावा हात जन्मापासून अधू, बोटं मिटत नाहीत. पाहुणे म्हणायचे, हात सांभाळायचा सोडून हे काय खूळ! तिनं अमेरिकन पिचर जिम अ‍ॅबटचे व्हिडिओ शोधले. त्याला उजवा पंजाच नव्हता, तरी 4 सप्टेंबर 1993 ला यांकीज संघाकडून खेळताना क्लीव्हलँडच्या संघाला अख्ख्या सामन्यात एकही हिट (बेस मिळवून देणारा फटका) दिली नाही. डाव्यानं फेकायचं, उजव्या मनगटावर टेकवलेल्या ग्लोव्हमध्ये तोच डावा हात लगेच सरकवायचा. चेंडू झेलला की ग्लोव्ह काखेत धरून चेंडू काढायचा, पुन्हा फेकायचा. लेक हेच उलट्या बाजूनं करते. अंगणातल्या भिंतीवर टेनिस बॉल आपटून सराव चालतो. ग्लोव्ह अजून पडतो, मग चिडते, जेवत नाही. खरी अडचण वेगळीच आहे: तिला उजव्या हातात बसणारा ग्लोव्ह लागतो, आणि शाळेच्या किटमध्ये सगळे डाव्या हातात घालायचे.

विश्रामबाग, सांगली
मला दमा. डॉक्टरांना विचारूनच सुरू केलं, इनहेलर कायम किटबॅगेत. फुटबॉलमध्ये सलग पळणं व्हायचं नाही. इथं पुढच्या बेसपर्यंत 90 फूट जीव खाऊन पळायचं, मग बेसवर उभं. ते जमतं. ऊस पेटवतात त्या दिवसांत मात्र मी घरीच.

सातारा, फर्स्ट बेसवर खेळणारा
मिरजेच्या ताई, मी डावखुरा, म्हणून ग्लोव्ह उजव्या हातात. शाळेत मीही ग्लोव्हसाठी असाच अडलो होतो, शेवटी मामांनी पुण्याहून आणला. आता तो मला लहान होतो, नुसता पडून आहे. मुलीच्या पंजाचं माप कळवा, बसत असेल तर एसटीच्या पार्सलनं पाठवतो. लेस तेवढी नवी घालून घ्या.