देवनागरी असेल तर ब्राउझर लवकर उघडा

वेबसाइट डिझाइन करताना आधी फिगमात (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) पूर्ण पान रंगवावं की थेट ब्राउझरमध्ये मांडावं, असा प्रश्न पडतो. माझा कौल ब्राउझरला, तो देवनागरीमुळे. पणजी-म्हापशाकडच्या साइटवर मराठी, कोंकणी, इंग्रजी शेजारी-शेजारी येतात. देवनागरीला ओळींत जास्त अंतर लागतं. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या चौकटीत रफार, उकार कापले जातात. स्थिर चित्रात हे सहज निसटतं, फोनवर लगेच डोळ्यांत खुपतं. शिवाय २०१७ पासून सीएसएस ग्रिड (वेबपानाची मांडणी रकाने-ओळींत करायची सोय) प्रमुख ब्राउझरांत आहे, त्यामुळे तिथेच मांडणी बदलून बघणं खूप सोपं झालंय. लोगो, आयकॉन मात्र ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्येच करा, तिथे हात मोकळा चालतो. गिऱ्हाइकाला पहिली झलकही तिथूनच दाखवा, पण कृपा करून खरा मराठी मजकूर घालून. लोरेम इप्सम, म्हणजे जागा भरायला टाकलेला निरर्थक मजकूर, नको.