मदत हवी आहे: मिठागरातल्या ड्युनालिएलाची धार नळीत टिकत नाही

शिरोड्याच्या मिठागरातल्या पाण्यातून वाढवलेलं ड्युनालिएला (खाऱ्या पाण्यातलं एकपेशीय हिरवं शैवाल) ८ मिमी आतल्या व्यासाच्या उभ्या काचनळीत वरून खाली सोडतोय. तळाकडे जड असलेल्या पोहणाऱ्या पेशी खाली जाणाऱ्या प्रवाहात मध्यरेषेकडे वळतात आणि वर जाणाऱ्या प्रवाहात भिंतीकडे. भौतिकशास्त्रज्ञ जॉन केसलरने १९८५ मध्ये दाखवलेला हाच परिणाम महाविद्यालयीन मुलांना दाखवायचाय.

मध्ये हिरवी धार बनते, पण थोड्या वेळात तिचे मणी पडतात. प्रवाह मिनिटाला ६ मिली, म्हणजे भिंतीपाशी कातरदर (अंतरागणिक प्रवाहाचा वेग बदलण्याचा दर) सेकंदाला सुमारे २. इतक्यात पेशी तोंड सावरण्याऐवजी कोलांट्या खात असाव्यात. मिनिटाला १ मिली केलं तर फरक पडेल का? की पेशीच दाट झाल्यात?

पंप नाही, बाटली उंच ठेवून पाणी सोडतो. या पेशींना कडक भित्तिका नसते, पंपाच्या रोलरखाली त्या फुटण्याची भीती. पातळ करायला त्याच खारटपणाचं पाणीच वापरतो. प्रकाशाकडे वळू नयेत म्हणून लाल दिवा. दुपारी मात्र नळीची एक बाजू तापते, त्या अभिसरणाचाही संशय आहे.

मिलीलिटरमागे किती पेशी ठेवाव्यात? आणि दाट खारात पेशीचं वजनी संतुलन बदलतं का, हे कोणी मोजलंय?