लुईस सुआरेझ: राग धरायचा तर नेमका कशाचा?

उजवी बगल (धागाकर्ता)

डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडे स्टेडियमवर आला, तेव्हा त्याच्याबरोबर उरुग्वेचा आघाडीपटू लुईस सुआरेझही होता. तेव्हापासून आमच्या फुटबॉलवेड्या मित्रमंडळींत एकच वाद सारखा डोके वर काढतो आहे: या माणसासाठी टाळ्या वाजवायच्या, की त्याची हुर्यो उडवायची? ज्यांना शिव्या घालण्यातच चाहत्यांना सुख वाटते अशा खेळाडूंची नावे काढायला बसलो तर मातेराझी, पेपे, दिएगो कोस्टा, सर्जिओ रामोस अशी बरीच निघतील. मात्र सुआरेझचे प्रकरण त्यांच्याहून अवघड आहे, कारण त्याच्यावरचा राग भलत्याच गोष्टीला जाऊन चिकटला आहे, असे माझे ठाम मत आहे.

लोकांच्या लक्षात राहिला तो त्याचा हात. २ जुलै २०१० रोजी जोहान्सबर्गमध्ये विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत उरुग्वे आणि घाना समोरासमोर होते. मुंतारीच्या गोलला फोर्लानने फ्री किकवर उत्तर दिलेले होते, १-१ अशी बरोबरी होती आणि अतिरिक्त वेळेचेही अखेरचे क्षण उरले होते. घानाच्या फ्री किकवर उरुग्वेच्या गोलसमोर एकच झुंबड उडाली, गोलरक्षक मुस्लेरा जागा सोडून पुढे आला आणि अपियाहचा फटका गोलरेषेवर उभ्या असलेल्या सुआरेझच्या पायाला लागून परत फिरला. उडालेल्या चेंडूवर आदियियाहने डोके लावले, आणि या खेपेला सुआरेझने तो चक्क हातांनी बाहेर ढकलला. रेफरींनी त्याला लाल कार्ड दाखवले आणि घानाला पेनल्टी दिली. असामोआ ग्यानचा फटका आडव्या दांडीवर आपटून वर गेला, शूटआउट उरुग्वेने ४-२ असा जिंकला आणि उपांत्य फेरी गाठणारा पहिला आफ्रिकी संघ होण्याचा मान घानाच्या हातून निसटला.

यात फसवणूक कोणाची झाली? १९८६ मध्ये मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने केलेला गोल रेफरींना दिसला नाही, तो ग्राह्य धरला गेला आणि मॅराडोना आजही पूजला जातो. सुआरेझचा हात सगळ्या जगाने पाहिला, रेफरींनीही पाहिला आणि नियमात जेवढी शिक्षा आहे तेवढी पूर्ण दिली. पुढचा उपांत्य सामना त्याला खेळता आला नाही आणि तो उरुग्वेने नेदरलँड्सविरुद्ध ३-२ असा गमावला.

राग धरायचाच असेल तर १५ ऑक्टोबर २०११ चा धरावा. अँफिल्डवर लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडच्या सामन्यात लिव्हरपूलकडून खेळणाऱ्या सुआरेझने युनायटेडचा कृष्णवर्णीय बचावपटू पॅट्रिस एव्ह्राला त्याच्या कातडीच्या रंगावरून डिवचले. इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने ११५ पानांचा निकाल देऊन त्याला दोषी ठरवले, आठ सामन्यांची बंदी घातली आणि चाळीस हजार पौंडांचा दंड केला. आज चाहत्यांच्या गप्पांत हात हा महापातक ठरतो, तीन वेळा घेतलेले चावे विनोदाला पुरतात आणि एव्ह्राचा अपमान मात्र कोणाच्या तोंडीही येत नाही. हा क्रम मला अत्यंत खटकतो.

आडवी दांडी

उजवी बगल, एव्ह्राबद्दल तुम्ही लिहिलेल्या अक्षरन् अक्षराशी मी सहमत आहे, पण त्यासाठी हाताला निर्दोष ठरवण्याची गरज नाही. लहानपणी गल्लीत खेळताना असल्या प्रकाराला आपण रडीचा डाव म्हणत होतो, आणि विश्वचषकात खेळला म्हणून तो डाव रडीचा राहत नाही असे थोडेच आहे?

नियमाप्रमाणे शिक्षा झाली म्हणून हिशेब मिटला, हे तुमचे म्हणणे मला मान्य नाही. शिक्षा भोगूनही ज्यात गुन्हेगाराचा फायदाच होतो, ती शिक्षा अपुरी असते. गोलरेषेवर हात घातला नसता तर घाना त्याच क्षणी जिंकला असता. हात घातल्यामुळे त्या पक्क्या गोलच्या जागी गोलची केवळ एक संधी उरली. रग्बीत अशी नक्की होणारी ट्राय (म्हणजे तिथला गोलच) गैरमार्गाने रोखली तर रेफरी पेनल्टी ट्राय देतात, आणि बास्केटबॉलमध्ये रिंगकडे खाली उतरणारा चेंडू बचावपटूने अडवला तर गुण दिले जातात. फुटबॉलच्या नियमात मात्र ही फट तशीच राहिली आहे, आणि सुआरेझने तिचा पुरेपूर लाभ उठवला.

शिवाय तो सामना नुसता दोन देशांमधला नव्हता. आफ्रिकेच्या भूमीवरचा तो पहिला विश्वचषक होता. त्या खंडाचे सहा संघ त्यात उतरले होते आणि गटसाखळीनंतर त्यांपैकी एकटा घाना उरला होता. त्यामुळे यजमान दक्षिण आफ्रिकेचे प्रेक्षकसुद्धा त्या रात्री घानाच्या मागे उभे होते. लाल कार्ड मिळाल्यावर रडत बाहेर चाललेला सुआरेझ बोगद्याच्या तोंडाशी थांबला आणि ग्यानचा फटका हुकताच त्याने मुठी आवळून जल्लोष केला. ते दृश्य ज्यांनी पाहिले त्यांच्या मनातला राग तुम्ही नियमपुस्तिका दाखवून कसा काढणार आहात?

मडगावकर

तुम्ही दोघेही गुन्ह्याची प्रतवारी लावत आहात, आणि चाहते राग धरताना प्रतवारी कधीच लावत नाहीत. राग जर्सीच्या रंगावर ठरतो. त्याच सामन्यात उरुग्वेचा गोल करणारा फोर्लान २०१६ मध्ये मुंबई सिटी या क्लबकडून खेळायला आला, तेव्हा अंधेरीच्या मैदानावर त्याचे मनापासून स्वागत झाले. सुआरेझच्या त्या हातामुळेच फोर्लानचा संघ उपांत्य फेरीत पोहोचला होता, पण त्याच्याकडे कोणी बोट दाखवले नाही.

आमच्या गोव्याचेच उदाहरण देतो. २००६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बर्लिनमध्ये फ्रान्सच्या झिदानने इटलीच्या मातेराझीच्या छातीवर डोके मारले, तेव्हा मातेराझीने त्याला डिवचले होते म्हणून जगभरच्या झिदानप्रेमींनी मातेराझीला खलनायक ठरवले. त्याच सामन्यात फ्रान्सला पेनल्टी मिळाली ती मातेराझीमुळे, आणि इटलीला बरोबरी साधून दिली तीही त्यानेच, हे फारसे कोणी बोलत नाही. हाच मातेराझी डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या चेन्नईयिन क्लबचा प्रशिक्षक म्हणून आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) अंतिम सामन्यासाठी आमच्या मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर आला. गोवा २-१ असा पुढे होता आणि ९० वे मिनिट लागले होते. तेवढ्यात आमच्याच गोलरक्षकाकडून स्वयंगोल झाला आणि पाठोपाठ भरपाईच्या वेळेत मेंडोझाने तिसरा गोल करून करंडक नेला. त्या रात्री स्टेडियमबाहेर मातेराझीच्या नावाने जी लाखोली वाहिली गेली, तिचा बर्लिनशी काडीचाही संबंध नव्हता. त्याच्या संघाने आमच्या तोंडचा घास काढून घेतला एवढेच कारण त्याला पुरे होते. चेन्नईत त्याच माणसावर लोक जीव टाकत होते.

एव्ह्राच्या प्रकरणातही हेच घडले. आयोगाचा निकाल लागल्यानंतर विगनविरुद्धच्या सामन्याआधी लिव्हरपूलचे खेळाडू सरावाला उतरले ते सुआरेझचे चित्र असलेले टी-शर्ट घालून. त्याच गोष्टी युनायटेडच्या एखाद्या खेळाडूने केल्या असत्या, तर त्याच लोकांनी त्याला मैदानात पाऊल टाकू दिले नसते.

कॉपवाला

मी लिव्हरपूलचा चाहता आहे आणि टी-शर्टांच्या त्या प्रकाराचे समर्थन करणार नाही. तेव्हा लिव्हरपूलकडून खेळणाऱ्या जेमी कॅरागरने २०१९ मध्ये टीव्हीवर एव्ह्राच्या समोर बसून त्याबद्दल त्याची माफी मागितली, आणि ते योग्यच झाले. तरीही या धाग्यात एक बाजू पूर्णपणे राहून गेली आहे, ती मांडतो.

सुआरेझला फक्त त्याच्या अपराधांच्या यादीतून पाहणाऱ्यांनी २०१३-१४ चा हंगाम पाहिलेला दिसत नाही. इव्हानोविचला चावल्याबद्दलची बंदी संपेपर्यंत तो हंगामातले पहिले पाच लीग सामने बाहेर होता. नंतरच्या ३३ सामन्यांत त्याने ३१ गोल केले आणि त्यांत एकही पेनल्टी नव्हती. ज्यांनी तो खेळ पाहिला त्यांना ठाऊक आहे की तो हरलेल्या चेंडूमागेही धावायचा, दोन बचावपटूंच्या मधून पायात पाय अडकूनही निसटायचा आणि संघ ३-० ने पुढे असतानासुद्धा थ्रो-इनसाठी रेफरींशी हुज्जत घालायचा. गोलरेषेवर हात वर गेला तो याच स्वभावातून. त्या क्षणी त्याने डावपेच आखला असे मानणे मला पटत नाही. शेजारी उरुग्वेचाच फुसिलेही होता आणि दोघेही जिवाच्या आकांताने चेंडू अडवायला धडपडत होते. मला त्याच्या खेळावर प्रेम करण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी त्याचे चारित्र्यही डोक्यावर घेतले पाहिजे अशी सक्ती माझ्यावर कोणी करू नये.

उजवी बगल

कॉपवाला, खेळावर प्रेम करायला कोणाचीच हरकत नाही. माझी हरकत आहे ती सगळे एकाच स्वभावाच्या खाती टाकण्याला. जिंकण्याची आग हात वर जाण्याचे कारण होऊ शकते, हे मी स्वतःच म्हणतो आहे. चाव्यांच्या बाबतीतही वाटल्यास तसे म्हणता येईल: नोव्हेंबर २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या आयाक्सकडून खेळताना तिथल्याच पीएसव्हीचा बक्काल, एप्रिल २०१३ मध्ये चेल्सीचा इव्हानोविच आणि जून २०१४ मध्ये नातालला इटलीचा किएलिनी. सात, दहा आणि नऊ सामन्यांच्या बंदीनंतरही ज्याला आवर घालता येत नाही, त्याचा तोल सुटतो हे उघड आहे, आणि तो धोकादायकही आहे.

एव्ह्राशी मात्र त्याचे बोलणे एका क्षणात संपले नव्हते. ती बाचाबाची चालू राहिली होती, रेफरींनी मध्ये पडून दोघांना समज दिली होती, आणि आयोगाने सर्व साक्षी तपासूनच ते अपमानास्पद बोलणे पुन्हा पुन्हा झाल्याचे ठरवले. चार महिन्यांनी, फेब्रुवारी २०१२ मध्ये, ओल्ड ट्रॅफर्डवर सामन्याआधी दोन्ही संघ हस्तांदोलन करत होते. एव्ह्राने हात पुढे केला आणि सुआरेझ तो टाळून पुढच्या खेळाडूकडे वळला. तिथे कोणता गोल वाचवायचा होता? जिंकण्याच्या आगीचा इथे काहीही संबंध नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट मला हातापेक्षा कितीतरी गंभीर वाटते.

मडगावकर, राग जर्सीच्या रंगावर ठरतो हे तुमचे निरीक्षण खरे आहे, पण ते मान्य करून स्वस्थ बसायचे का, हा माझा प्रश्न आहे.

आडवी दांडी

मग हाताबद्दलचे त्याचे पुढचे वागणेही पाहू. २ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये अल जनूब स्टेडियमवर हेच दोन संघ पुन्हा भेटले. सामन्याच्या आदल्या दिवशी पत्रकारांनी विचारले तेव्हा त्याने माफी मागण्यास नकार दिला. मी कोणाला जखमी केले असते तर माफी मागितली असती, मला लाल कार्ड मिळाले, पेनल्टी घानाच्या खेळाडूने दवडली, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. म्हणजे बारा वर्षांनंतरही त्याच्या लेखी दोष ग्यानचाच.

या ग्यानकडे जरा पाहा. त्याच स्पर्धेत त्याने सर्बिया आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध पेनल्टीवर गोल केले होते आणि अमेरिकेविरुद्ध अतिरिक्त वेळेत विजयी गोलही त्याचाच होता. जोहान्सबर्गला दांडीवर फटका आपटल्यानंतर काही मिनिटांतच शूटआउट सुरू झाला, तेव्हा घानाची पहिली किक घ्यायला हाच माणूस पुढे आला आणि त्याने गोल केला. एवढ्या हिमतीच्या खेळाडूच्या नावावर तो पराभव कायमचा लिहिला गेला. २०१२ च्या आफ्रिकी चषकाच्या उपांत्य फेरीत झांबियाविरुद्ध त्याची आणखी एक पेनल्टी हुकली आणि त्याच्यावर पुन्हा टीकेची झोड उठली. एकाच्या हाताची किंमत दुसऱ्याने अशी मोजली, याबद्दल दोन शब्द बोलणे सुआरेझला जड का जावे?

कतारच्या त्या सामन्यातही घानाने पेनल्टी दवडली आणि उरुग्वे २-० ने जिंकला. पण दक्षिण कोरियाने पोर्तुगालला २-१ असे हरवल्यामुळे एका गोलच्या कमतरतेने उरुग्वेही बाहेर फेकला गेला. बाकावर बसलेला सुआरेझ रडला. आपला संघ हरलेला असताना घानाचे लोक उरुग्वेच्या गच्छंतीवर आनंदले, आणि मला तो आनंद पूर्णपणे समजतो.

आणि वयाने माणूस निवळतो म्हणावे, तर ऑगस्ट २०२५ मध्ये लीग्ज कप या उत्तर अमेरिकेतल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सिअॅटलकडून ३-० असे हरल्यावर हा ३८ वर्षांचा खेळाडू प्रतिस्पर्धी संघाच्या कर्मचाऱ्यावर थुंकला. त्या स्पर्धेत सहा सामन्यांची बंदी झाली, मेजर लीग सॉकर या अमेरिकेच्या लीगने आणखी तीन सामन्यांची घातली.

चौथा पंच

मी स्थानिक स्पर्धांमध्ये पंचगिरी करतो, म्हणून फक्त नियमाबद्दल लिहितो. आडवी दांडी यांना हवा असलेला ‘पेनल्टी गोल’ ऐकायला न्याय्य वाटतो, पण तो देण्यासाठी रेफरीला न घडलेली गोष्ट घडलीच असती असे ठरवावे लागेल. आज मैदानावरच्या प्रत्येक रेफरीला फक्त एवढे ठरवायचे असते की स्पष्ट गोलसंधी हिरावली गेली की नाही. २०१६ मध्ये नियम बदलले तेव्हा चेंडूसाठी प्रामाणिक प्रयत्न करताना पेनल्टी क्षेत्रात झालेल्या फाउलची शिक्षा पिवळ्या कार्डावर आली, परंतु मुद्दाम हाताने गोल अडवणाऱ्याचे लाल कार्ड तसेच ठेवले गेले. म्हणजे नियम करणाऱ्यांनी हा फरक विचारपूर्वक केलेला आहे. त्यापुढे जाऊन थेट गोल द्यायचा म्हटले तर ज्या मैदानांवर व्हिडिओची सोय नाही तिथे दर रविवारी मारामाऱ्या होतील.

आडवी दांडी

चौथा पंच, तुमची अडचण मी समजू शकतो आणि शंका असेल तिथे पेनल्टीच द्यावी, हेही मान्य करतो. पण गोलरक्षक बाजूला पडलेला असताना, चेंडू दोन्ही खांबांच्या आत आणि दांडीच्या खाली असताना, आणि गोलरेषेवरच्या खेळाडूने हातांनी तो बाहेर ढकललेला असताना रेफरीला कोणती शंका उरते, ते कृपया सांगा. जोहान्सबर्गला याहून वेगळे काय घडले होते?