मिराफ्लोरेसच्या प्रतीसाठी फणसाची फळी: जुलैत पांढरा थर सुटतोय

फोंड्याचा_कुंचला
पंधराव्या शतकातला फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडचा) चित्रकार रोगिर व्हान डेर वेडन याच्या मिराफ्लोरेस त्रिफलकातल्या (तीन फळ्यांच्या चित्रातल्या) उजव्या फळीची, म्हणजे पुनरुत्थित येशू आईला भेटतो त्या दृश्याची, प्रत करायची आहे. फळी फणसाची, एकसंध, 71 × 43 सेंमी, जाडी 2 सेंमी. सरस आणि चॉक पावडरचे सहा हात दिले. मे महिन्यात थर झकास होता. आता लाकडाच्या रेषेच्या दिशेने भेगा आहेत, कोपऱ्यात पोपडे आहेत आणि मधे पिवळे डागही. शिवाय, हे दृश्य बर्लिनलाही आहे आणि न्यूयॉर्कलाही, समोर ठेवायला कुठलं घ्यावं?

लाकूड_आधी
पाठीला काही लावलंत का? नसेल तर पावसाळ्यात पाठ ओल ओढते आणि फळी रुंदीत फुगते. वरचा थर ताणला जात नाही, तो तडकतो. भेगा रेषेच्या दिशेने पडतात त्या त्यामुळेच. पुढे जितके हात, तितकेच पाठीला द्या.

फळी कशी चिरली आहे तेही बघा. टोकाकडून पाहिल्यावर झाडाच्या वाढीची वलयं जाडीत उभी दिसायला हवीत. आडवी, कमानीसारखी असतील तर हालचाल जवळजवळ दुप्पट होते आणि फळी पन्हळीसारखी वाकते. फ्लेमिश सुतार बाल्टिक ओक उभ्या वलयांचा घेत ते याचसाठी.

पिवळे डाग फणसाचेच. त्याच्या गाभ्यातला रंग पाण्यात उतरतो आणि ओल्या थरातून वर येतो. सागाला हा त्रास कमी, पण तो तेलकट असतो. ॲसिटोनने पुसल्याशिवाय सरस धरत नाही.

आल्तार_अभ्यासक
बर्लिनचंच घ्या. स्पेनमधल्या कास्तीयचा राजा दुसरा हुआन याने ते 1445 साली बुर्गोसजवळच्या मिराफ्लोरेस मठाला दिलं. त्याची मुलगी इसाबेला राणी हिच्याकडची प्रत पुढे ग्रानादाच्या राजप्रार्थनागृहात गेली. तिच्या दोन फळ्या तिथेच आहेत, तिसरी न्यूयॉर्कला. बराच काळ हीच मूळ मानली जात होती. निकाल लावला तो लाकडाने. न्यूयॉर्कच्या फळीचं झाड रोगिर 1464 साली वारल्यानंतर तोडलेलं निघालं. आता ती इसाबेलाच्या दरबारी चित्रकाराच्या, हुआन दे फ्लान्देसच्या, नावावर आहे.

वलयं मोजून चित्राचं नेमकं साल कळत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. सुतार सालीलगतचं कोवळं लाकूड काढून टाकतो, म्हणजे शेवटची वलयं जातात. ‘याच्या आधीचं असू शकत नाही’ एवढंच ठामपणे म्हणता येतं, आणि इथे तेवढं पुरलं.

बर्लिनच्या तीन फळ्यांत मारियेचा पेहराव अनुक्रमे पांढरा, लाल, निळा आहे. तुमच्याकडे निळा येणार. त्याच्याखालचा थर पिवळा असेल तर निळा हिरवट दिसेल. म्हणून आधी डाग मिटवा.

फोंड्याचा_कुंचला
पाठ कोरीच होती. वलयं उभी आहेत. पोपड्याखाली मात्र लाकूड नाही, पांढरंच दिसतं.

लाकूड_आधी
मग दोष सरसाच्या ताकदीत आहे. कोरं लाकूड दिसलं असतं तर पहिला, नुसत्या सरसाचा हात चुकला म्हटलं असतं. थरावरून थर सुटतो तेव्हा वरच्यातला सरस खालच्यापेक्षा घट्ट झालेला असतो. भांडं तासन्‌तास गरम राहिलं की पाणी उडतं आणि शेवटचे हात आपोआप घट्ट होतात. वरचा थर आकसताना खालच्याला उचलतो.

ऊन पाण्याच्या फडक्याने सगळा थर मऊ करून खरवडून काढा. फळी सावलीत उभी वाळवा. नवीन काम दिवाळीनंतरच करा. या हवेत सरस वाळायच्या आत त्यावर बुरशी येते.

1 लिटर पाण्यात 70 ग्रॅम सरस रात्रभर भिजवा. भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवा, 60 अंशांच्या वर नेऊ नका, उकळी आली की चिकटपणा मेला. पहिला हात नुसत्या सरसाचा, दोन्ही बाजूंना. मग चॉक चाळून सोडा, ढवळू नका, वर कोरडं बेट राहिलं की थांबा. हलक्या हाताने मिसळा, फेस झाला तर टाचणीएवढी भोकं पडतात. सहा ते आठ पातळ हात, एक उभा, एक आडवा. सुरुवातीला भांड्यावर पातळीची खूण करा; पातळी उतरली की गरम पाणी घालून त्या खुणेवर आणा.

चॉकवर माडाच्या व्हिनेगरचा थेंब टाकून बघा. फसफसलं तर खरा चॉक. फळ्यावर लिहायचा खडू बहुधा जिप्समचा असतो, तो फसफसत नाही.

आल्तार_अभ्यासक
एक राहिलं. चौकट आधी बसवून मग थर दिलात तर कडेला थराचा बारीक उंचवटा उठतो आणि त्याबाहेर कोरं लाकूड राहतं. जुन्या फ्लेमिश फळ्यांवर तसा काठ शाबूत असेल तर चित्र त्या बाजूने कापलेलं नाही हे त्यावरूनच ओळखतात. प्रतीतही तो ठेवा.